सात, सात, सात

॥ श्री ॥
कल्याण, पारनाका
११ जानेवारी १९९९

चिरंजीव सुधीर यास काकाचा आशीर्वाद.

तू गेल्या महिन्यात ठाण्याहून येऊन देवळाच्या वाचनालयातील संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्सची स्थापना केलीस, तिचे फळ परवा हाती आले. आपल्या पोथीच्या पहिल्या चाळीस ओव्या छापून निघाल्या. जोडाक्षरे अशी सुबक की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. देवळाच्या कपाटात शंभर वर्षे कसरीने खाल्लेली ही पोथी पाडव्याला देवापुढे ग्रंथरूपाने ठेवता आली, तर माझ्या उरलेल्या आयुष्याचे काम झाले असे मी समजेन. पहिले पान गेलेले असल्याने कर्ता अज्ञात आहे. कोणी वेदशास्त्रसंपन्न पुरुष असावा, असे मी प्रस्तावनेत लिहिले आहे.

टंकलेखन शेवंती करते. ती माझी शाळेतली विद्यार्थिनी, दुर्गाडीखालच्या खाडीकाठच्या दामाजी मढवी यांची कन्या. रोमन अक्षरांत ओवी लिहायची आणि यंत्राने ती देवनागरीत छापायची, ही तुझी पद्धत तिने दोन दिवसांत आत्मसात केली. मला दोन आठवडे लागले.

आता अडचण अशी. तिने तीन वर्षे टंकलेले सर्व लेखन विंडोजच्या भागात आहे. लिनक्समध्ये तो भाग प्रत्येक वेळी मला रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन उघडून द्यावा लागतो. उघडून दिला तरी शेवंतीला तेथे वाचता येते, लिहिता येत नाही. ती दुरुस्त्या कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवते आणि मी रूटच्या आसनावर बसून, योग्य वाटतील त्या, आत घालतो.

तुला खरे सांगतो, ही व्यवस्था मला अगदीच अयोग्य वाटत नाही. आपल्याकडे कोणत्याही शास्त्राच्या आरंभी पहिला प्रश्न येतो तो अधिकारी कोण हा. विंडोजमध्ये सारेच दरवाजे सर्वांस मोकळे असताना शेवंतीने एका ओवीतील शब्द मला न विचारता बदलला होता. छापण्याआधी माझ्या दृष्टीस पडला म्हणून निभावले. तथापि पाडवा जवळ येत आहे, आणि तिच्या चिठ्ठ्या आता माझ्या ओव्यांहून अधिक झाल्या आहेत. सामान्य सदस्यास त्या भागात लिहिण्याचा अधिकार देता येतो काय, आणि द्यावा काय, हे दोन्ही कळव. पत्रच पाठव. फोनवर ऐकलेले यंत्रापुढे बसेपर्यंत टिकत नाही.

तुझा,
प्रभाकरकाका

———

माजिवडा, ठाणे
१९ जानेवारी १९९९

ती. काका, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मालनने मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "तुझे काका संगणकालाही मुंज लावतील." रागावू नका, तुमच्या सूनबाई आहेत.

द्यावा काय, हे मी कोण सांगणार. पण देता येतो. फक्त नेहमीच्या पद्धतीने नाही. लिनक्सच्या स्वतःच्या भागात प्रत्येक फाइलवर मालकाचं नाव असतं. विंडोजच्या भागात ती नोंदच नसते. तिथे कुठलीच फाइल कुणाची नाही. तो भाग जोडून घेताना तुम्ही ज्या अटी सांगाल, त्याच तिथल्या झाडून सगळ्या फायलींना लागतात. म्हणून आत जाऊन एकेका फाइलची परवानगी बदलायला गेलात, तर काहीही बदलणार नाही. अट दारावरच सांगावी लागते.

आणि सगळं लिनक्सच्या भागात उतरवून घेऊ असं मनात असेल तर नको. विंडोजवर बसणारे जुन्या प्रतीत लिहितील, शेवंती नव्या प्रतीत. तुमच्या भाषेत सांगायचं तर दोन पाठ तयार होतील.

करायचं ते एवढंच. मी आलेलो तेव्हा एफएसटॅब नावाची फाइल दाखवलेली, तिच्यात विंडोजची एक ओळ आहे. त्या ओळीतला "नोऑटो" शब्द काढा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच तो भाग आपोआप उघडेल, तुम्हाला दरवेळी उठावं लागणार नाही. मग तिथेच "यूमास्क" लिहून, बरोबरचं चिन्ह घालून, तीन आकडे घाला. आकड्यांचं गणित तुम्हाला शिकवलंय: वाचणं चार, लिहिणं दोन, आत शिरणं एक, पूर्ण बेरीज सात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. तुम्हीच ठरवा किती ते. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करा.

घाईत लिहितोय, ऑफिसची गाडी खाली हॉर्न वाजवतेय.

तो शब्द कुठला, ते मात्र तुम्ही शिताफीने लिहायचं टाळलंत!

तुमचा,
सुधीर

———

॥ श्री ॥
कल्याण
२८ जानेवारी १९९९

चि. सुधीर यास आशीर्वाद.

सूनबाईस सांग, मुंज लावण्यापूर्वी बटूला गायत्री पाठ व्हावी लागते. तुझ्या यंत्राला अजून मराठीही नीट येत नाही.

शब्द टाळला नव्हता. टाळला होता, असे म्हण हवे तर. एकशे बारावी ओवी अशी आहे:

भंगीं जैसें राहे नीर । न धांवे सोडूनि तीर ।
तैसें करूनि चित्त स्थिर । नाम घ्यावें ॥

पोथीत "भांगीं" असे आहे. भांग येथे कोणत्याच अर्थाने बसत नाही. ना केसांचा, ना पिण्याचा. तो लेखनिकाचा हस्तदोष उघड आहे. भंग म्हणजे संस्कृतात तरंग. तरंग उठले तरी पाणी पाणीच राहते, तसे चित्त विकारांत असूनही स्वरूपी राहावे, असा तो अद्वैताचा दृष्टांत. त्यावर मी दोन पाने टीका लिहिली आहे आणि ती मला स्वतःला आवडते. मी काढलेला काना शेवंतीने माझ्या पाठात परत आणून ठेवला. तुझ्या रोमन पद्धतीत एक "ए" म्हणजे भ, दोन म्हणजे भा; तेव्हा तिचा अपराध एका "ए"एवढा. विचारले तर म्हणाली, "सर, हा आमच्याकडचा शब्द आहे." मी म्हणालो, "खाडीचे शब्द पोथीत कशाला येतील, बाई?" ती हसली आणि आपल्या कामाला लागली. विषय तेथेच संपला.

तुझे पत्र आल्यावर मात्र मी दोन दिवस विचार केला. तीन वर्षे ही मुलगी त्या जीर्ण पानांवर डोळे शिणवते आहे. तिच्यावाचून पोथी पुरी होणार नाही, हे मी जाणतो. द्यायचे तर हात आखडून का द्यावे? मी त्या ओळीत सात, सात, सात असे आकडे घातले. मालकास पूर्ण, गटास पूर्ण, सर्वांस पूर्ण. यंत्र पुन्हा चालू करून स्वतः तपासले. विंडोजचा भाग आपोआप उघडला, सर्व फायली दिसल्या, एका ओवीत एक दंड घालून साठवून पाहिला, साठला.

शेवंतीस मी काही सांगितलेले नाही. बोलून दाखवले की दानाचा उपकार होतो. उद्या येईल, बसेल, आणि दार उघडे आहे हे तिचे तिला कळेल.

काका

———

॥ श्री ॥
कल्याण
१० फेब्रुवारी १९९९

चि. सुधीर यास आशीर्वाद.

मन थोडे अस्वस्थ आहे म्हणून लिहितो. शेवंती एकोणतीस तारखेला आली, पाऊण तास बसली आणि गेली. मी तेव्हा गाभाऱ्यात होतो. त्यानंतर ती फिरकलेली नाही. वाचनालयाची किल्ली तिने रंगूबाईंच्या हाती परत पाठवली. रंगूबाई देवळात झाडलोट करतात. त्यांनी निरोप सांगितला तो असा: "सरांना सांगा, कळलं."

काय कळले? मी पुष्कळ विचार केला. मोकळीक मिळताच मनुष्यास गुरूची गरज वाटेनाशी होते, असे काही झाले असावे काय? मी सर्व दिले आणि ती निघून गेली. रंगूबाईंना विचारले, "चेहरा कसा होता?" त्या म्हणाल्या, "चेहरा कसा असनार? मला काय इचारता, तिला इचारा. एवढी बुकं वाचता आन् पोरीच्या घरी जायचा रस्ता नाय ठाव?"

एकशे ऐंशी ओव्या बाकी आहेत. मी रोज सकाळी बसून स्वतः टंकतो. दिवसास चार होतात. या गतीने पाडवा हुकणार हे उघड आहे. परंतु सांगू का, ओव्यांपेक्षा त्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष अधिक जाते.

काका

———

माजिवडा
१५ फेब्रुवारी १९९९

ती. काका, साष्टांग नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं एकत्र हातात पडली, मी मधे पंधरा दिवस कामासाठी बडोद्याला गेलेलो. वाचून कपाळावर हात मारून घेतला. चूक माझी आहे, आधी ते लिहितो.

यूमास्कमधला मास्क म्हणजे झाकण. तिथे घातलेला आकडा दिलेला अधिकार नसतो, काढून घेतलेला असतो. शून्य म्हणजे काहीच काढलं नाही, सगळं दिलं. सात म्हणजे सगळं काढून घेतलं. हे उलटं गणित लिहायला मी घाईत विसरलो. तुम्ही सात, सात, सात घातलंत म्हणजे झाडून सगळ्यांना दार बंद केलंत. पूर्वी शेवंतीला निदान वाचता तरी येत होतं.

तुम्ही तपासलंत ते रूट होऊन ना? काका, रूटला कुठलंच कुलूप लागत नाही. त्याला सगळी दारं कायम उघडीच दिसतात. म्हणून त्याने तपासलेलं कधी धरायचं नसतं.

आकडे लगेच बदलू नका. आधी स्वतःच्या नावाचं एक साधं खातं उघडा, शेवंतीचं आहे तसं. त्या नावाने आत जा आणि पोथी उघडून बघा. मग शून्य, शून्य, शून्य करा.

मालन म्हणते, पुढचं पत्र मला लिहू नका, शेवंतीला लिहा.

सुधीर

———

॥ श्री ॥
कल्याण
२० फेब्रुवारी १९९९

चि. सौभाग्यकांक्षिणी शेवंतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र रंगूबाईंच्या हाती पाठवीत आहे. तू किल्ली परत केलीस. त्यामागचे कारण मला काल कळले, आणि ते तुझ्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे.

काल सकाळी मी संगणकावर "प्रभाकर" या नावाने एक साधे खाते उघडले आणि तुझ्या खुर्चीवर बसून पोथीच्या दारावर गेलो. यंत्राने एका ओळीत उत्तर दिले की परवानगी नाही. मी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. माझ्या हाताने उतरविलेली, ज्या पोथीसमोर मी रोज दिवा लावतो तीच ही पोथी; आणि ती मला वाचण्यापुरतीही खुली नव्हती. त्या ओळीत कोणी नाकारले, का नाकारले, याचा उच्चार नाही. तुला ती ओळ दिसली तेव्हा त्या शब्दावरून झालेले माझे बोलणेच तिच्यामागे उभे राहिले असणार. "कळलं" असे तू म्हणालीस, ते त्या स्थितीत योग्यच होते.

घडले ते असे. मला तुला लिहिण्याचा पूर्ण अधिकार द्यायचा होता. यंत्रात जेथे आवरणाचा आकडा घालायचा तेथे मी दानाचा आकडा समजून सात घातले. चाळीस वर्षे मी वर्गात आवरण हा शब्द शिकवला. वस्तू जागेवरच असते, आवरण काढले की दिसते, असे फळ्यावर लिहून दिले. तोच शब्द समोर आला तेव्हा ओळखला नाही. आणि तपासताना मी सर्वाधिकाऱ्याच्या आसनावरून तपासले, जेथून बंद दार दिसतच नाही.

आता तेथे तीन शून्ये आहेत. काहीही काढून घेतलेले नाही. हे मी माझ्या साध्या खात्यातून तपासले आहे.

यंत्राची चूक समजुतीची होती. "खाडीचे शब्द पोथीत कशाला येतील" हे वाक्य मात्र समजून उमजून उच्चारलेले होते. तू हसलीस म्हणून मी ते विसरलो. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो.

तुझा,
प्रभाकर सर

———

दुर्गाडी, खाडीकाठ
२२ फेब्रुवारी १९९९

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर सात द्यायला गेला आन् सात घेऊन बसला. असं तं आमचंबी व्हतं, बोट वल्हवायची तं नांगर टाकलेलाच रहातो." मला हसू आलं. तोवर आलं नव्हतं.

त्या दिवशी ती ओळ दिसली तेव्हा मला वाटलं, सरांनी तोंडावर सांगितलं नाही, यंत्राकडून सांगितलं. दहावीत माझं संस्कृत तुम्हीच पक्कं केलंत सर, म्हणून जास्त लागलं. क्षमा वगैरे मागू नका, मला कसंतरी होतं.

पण सर, दार उघडलंत ते ठीक, शब्दाचं काय? तुम्ही दोन पानी पत्र लिहिलंत आणि शब्दाबद्दल एक ओळ नाही. मी काना घातला तो तुमच्याशी भांडायला नव्हता घातला. पोथीत होता तो काढलेला, म्हणून परत ठेवला. विचारायला हवं होतं, ते चुकलं माझं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं.

आता विचारते. बुधवारी दुपारी आमच्याकडे या. काठावर बसा आणि पाणी बघा. त्यानंतरही भंगच म्हणालात तर मी भंगच टंकेन, उरलेल्या सगळ्या ओव्याही टंकेन, शब्द काढणार नाही तोंडातून.

शेवंती

———

॥ श्री ॥
कल्याण
२७ फेब्रुवारी १९९९

चि. सुधीर व सौ. मालन यांस आशीर्वाद.

सूनबाईंचा सल्ला मानला. बुधवारी फाल्गुन शुद्ध नवमी होती. दुपारी मी खाडीवर गेलो. या गावात एकाहत्तर वर्षे राहिलो, पण तेथे बसून पाणी पाहण्याचा योग कधी आला नव्हता. पुलावरून जाताना दिसे तेवढेच.

दामाजी उंबराखाली जाळे विणीत बसले होते. मला पाहून म्हणाले, "या गुरुजी. आज आमीबी रिकामे, तुमीबी रिकामे." मी विचारले, "आज मासेमारी नाही?" त्यांनी सुई न थांबविता सांगितले, "आज कशाची? भांग हाय ना."

सुधीर, तो शब्द असा, जाता जाता, जाळ्याच्या गाठीसोबत माझ्यापुढे पडला.

मी म्हणालो, "भांग म्हणजे काय, दामाजी?" तेव्हा मात्र ते थांबले आणि शेवंतीकडे पाहून म्हणाले, "ह्येंनी तुला शिकिवलं ना ग?" ती पदरात तोंड लपवून हसत होती. मग त्यांनी समजावले. अमावास्या-पुनवेला उधाण येते, तेव्हा पाण्याला ओढ असते. अष्टमी-नवमीला भांग. भरती येते पण चढत नाही, ओहोटी होते पण ओढीत नाही. "डोल जाळी लावली तरी तोंड उघडून नुसती हुबी राहनार. पानी निजलंय आज. बगा तुमीच."

मी पाहिले. तासभर पाहिले. पाण्यात एक वाळकी काटकी होती. ती काठापासून हातभर अंतरावर होती आणि तासाने फार तर दोन हात सरली. पाणी होते, पूर्ण होते, आणि कोठेही जात नव्हते. न धांवे सोडूनि तीर. माझ्या दोन पानांत तरंग होते, जल होते, अद्वैत होते. ही काटकी नव्हती.

उठताना मी शेवंतीस म्हटले, "उद्या ये. काना घाल." ती म्हणाली, "टीकेचं काय करायचं, सर?" मी म्हणालो, "पुसून टाक."

दुसऱ्या दिवशी ती आली. रंगूबाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "घावला का रस्ता?" शेवंतीने एकशे बारावी ओवी उघडली. दार उघडले, फाइल उघडली, लिहिण्याची मुभा होती. तिने खुर्ची मागे घेतली आणि म्हणाली, "सर, तुम्ही घाला." मी माझ्या साध्या खात्यातून बसलो आणि तुझ्या पद्धतीने एक "ए" वाढविला. एवढेच काम, पण त्याला मला बराच वेळ लागला.

रूटची परवलीची खूण मी बदलली नाही. ती एका लिफाफ्यात घालून, लाखेची मोहोर लावून, शेवंतीपाशी दिली आहे. क्वचित गरज पडली तर आम्ही दोघे मिळून तो उघडू. मला रोज त्या आसनावर बसायचे नाही. तेथून काही कळत नाही.

प्रस्तावनेतील "वेदशास्त्रसंपन्न पुरुष" हेही खोडले. कर्ता कोण ते ठाऊक नाही. खाडीचे पाणी पाहणारा कोणी होता, एवढेच आता लिहिले आहे. शेवंतीच्या हाताने दिवसास वीस ओव्या होत आहेत. पाडवा साधेल, देवाची इच्छा.

सोबत एकशे बाराव्या ओवीचे छापील पान पाठवीत आहे. तळटीप तेवढी वाच. टीकेची दोन पाने जाऊन तिच्या जागी ती एकटीच आली आहे:

"भांगीं: अष्टमी-नवमीच्या सुमारास येणारी, ओढ नसलेली भरती, तिच्या वेळी. हा पाठ मूळ पोथीतील असून तो संपादकाने चुकीने बदलला होता. पाठशुद्धी व अर्थ: शेवंती दामाजी मढवी."

तुझा,
प्रभाकरकाका